हात कोणी वर करायचा?

18 नोव्हेंबर 2018 ची स्पेनमधल्या वॅलेन्सियाची मोटोजीपी, म्हणजे बाईक रेसिंगच्या सगळ्यात वरच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपची रेस, ज्यांनी लाइव्ह बघितली त्यांना ती विसरणं शक्य नाही. सीझनची शेवटची रेस, तिथलं चेस्तेचं ते वाटीसारखं सर्किट जिथे स्टँडमध्ये बसून जवळजवळ सगळा ट्रॅक दिसतो, आणि वरून पाऊस. चॅम्पियनशिपचा निकाल केव्हाच लागलेला, मार्क मार्केझने ऑक्टोबरमध्येच जपानच्या मोतेगीत विषय संपवला होता, म्हणजे या रविवारी तसं बघितलं तर कोणाचं काहीच अडलेलं नव्हतं. तरी स्टार्टचे लाल लाइट्स विझले आणि सगळे सुटले, आणि मग एकेक जण घसरायला लागला. पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरून निघालेला विन्यालेस गेला, खुद्द चॅम्पियन मार्केझ गेला, बाकीच्यांची तर गिनतीच नको. पाऊस वाढत गेला आणि 27 पैकी 13 लॅप्स झाल्यावर रेड फ्लॅग, म्हणजे रेस थांबवली. मग थांबले, वाट बघितली, आणि उरलेल्यांना घेऊन 14 लॅप्सची नवी रेस लावली. डोविझिओझो जिंकला, रिन्स दुसरा, पोल एस्पारगारो तिसरा, केटीएम कंपनीचा मोटोजीपीतला पहिला पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा. 39 वर्षांचा रोसी दुसऱ्या नंबरवर होता, थोडेच लॅप्स राहिलेले, आणि तोही घसरला.

त्या रेसचा विषय निघाला की अजूनही दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते रेस सुरूच करायला नको होती, माणसं मारायची आहेत का. दुसरी म्हणते पाऊस म्हणजेच खरी रेस, भित्र्यांनी कॅरम खेळावा. मला दोन्ही पार्ट्यांचा सारखाच कंटाळा आलाय, कारण दोघंही पावसावर भांडतात आणि खरा प्रश्न पावसाचा नाहीच. खरा प्रश्न असा की थांबायचं हे कोण ठरवणार, आणि कशावरून. आज ते जसं ठरतं त्यात बरंचसं ओझं हँडलबार धरलेल्या माणसाच्या डोक्यावर येतं, आणि माझ्या मते हे साफ चुकीचं आहे, शेवटच्या रेसला तर जास्तच.

आधी पावसाची बाजू घेतो, कारण मी पावसाच्या विरोधात अजिबात नाही. ओल्या ट्रॅकवर सगळ्यात महागड्या बाईकचा सगळ्यात मोठा फायदा, म्हणजे पॉवर, निम्मी वायाच जाते. कोरड्यात 60 अंशांच्या पुढे झुकणारी बाईक ओल्यात तेवढी झुकवताच येत नाही, ब्रेक आधी लावावे लागतात, थ्रॉटल अंड्यावर पाय ठेवल्यासारखा उघडावा लागतो. मग दिसतं कोणाच्या हातात काय आहे ते. 2016 ला आसेनला असंच झालं, पावसामुळे रेस थांबली, 12 लॅप्ससाठी परत सुरू झाली आणि जॅक मिलर जिंकला, सॅटेलाइट टीमच्या होंडावर, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या फॅक्टरी टीमच्या नव्हे, तिच्याकडून बाईक घेणाऱ्या टीमच्या. 2006 ला एस्टोरिलला टोनी एलियास जिंकला होता त्यानंतर सॅटेलाइट टीमचा हा पहिलाच विजय, म्हणजे दहा वर्षं फॅक्टरीवाल्यांनी दुसऱ्या कोणाला जिंकूच दिलं नव्हतं आणि पावसाने एका दुपारी दिलं. वॅलेन्सियात त्याच रविवारी सकाळी मोटो3 मध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या क्लासमध्ये, जान ओंजू नावाचा तुर्की पोरगा वाइल्ड कार्डवर, एका रेसपुरता पाहुणा म्हणून आला, आयुष्यातली पहिलीच ग्रां प्री, वय 15 वर्षं 115 दिवस, आणि जिंकून गेला. आजवरचा सगळ्यात लहान विजेता. पाऊस नसता तर हे झालं असतं का? मला नाही वाटत. आणि त्याच सर्किटवर 2012 च्या शेवटच्या रेसला मोटो2 मध्ये, म्हणजे मधल्या क्लासमध्ये, मार्केझ दंडामुळे स्टार्टच्या ग्रिडवर 33 वा, सगळ्यात मागे उभा होता, ओल्या ट्रॅकवर सगळ्यांना ओलांडून जिंकला. ती रेस मी आजही मूड खराब असला की लावतो.

त्यामुळे 'पाऊस आला, रेस बंद' म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पण ओला ट्रॅक आणि साचलेलं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच सगळा घोळ होतो. ओल्या ट्रॅकवर वेट टायरच्या खाचा पाणी बाजूला फेकतात, रबर डांबराला टेकतं, ग्रिप कमी असते पण असते, रायडरला ती हाताला जाणवते आणि तो तिच्या हिशोबाने चालवतो. पाणी साचलं की खाचांना ते फेकायला वेळच मिळत नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि पुढचं चाक कोणाचंच ऐकत नाही. सरळ रस्त्यावर सुद्धा. तिथे स्किल वगैरे सगळं खुंटीला, 9 वेळचा चॅम्पियन आणि परवा आलेला पोरगा सारखेच. ट्रॅक्शन कंट्रोल मागचं चाक फिरायला लागलं तर पॉवर कापेल, पण तरंगणाऱ्या पुढच्या चाकाला इलेक्ट्रॉनिक्स काय करणार? त्यात पुढच्या बाईकने उडवलेला फवारा, हेल्मेटच्या काचेला वायपर नसतो, मागच्याला दिसतो फक्त एक लाल दिवा, तोही दिसला तर. आणि पडलेला माणूस गुळगुळीत पाण्यावरून घसरत जातो, मागून येणारी बाईकही नेमकी तिथेच पाण्यावर चढते, कारण पाणी साचायची जागा ठरलेली असते, सगळे तिथेच पडतात.

हे मी मनाने सांगत नाहीये, हे त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सिल्व्हरस्टोनला झालं होतं. त्या वर्षी तिथे नवीन डांबर घातलेलं आणि त्यावरून पाणी नीट वाहून जातच नव्हतं. शनिवारच्या प्रॅक्टिसमध्ये हँगर स्ट्रेटच्या शेवटी, स्टोच्या वळणाला, एकापाठोपाठ एक रायडर तरंगत बाहेर गेले. रिन्सने तर चालू बाईकवरून स्वतःहून उडी मारली. टिटो राबात पडला, ट्रॅकबाहेरच्या ग्रॅव्हलमध्ये उठून उभा राहिला, तेवढ्यात मॉर्बिडेल्लीची बाईक त्याच वाटेने आली आणि त्याला धडकली, मांडीचं आणि पायाचं हाड मोडलं. राबात कच्चा रायडर नव्हे, 2014 चा मोटो2 चॅम्पियन. त्याची चूक काय होती? काहीच नाही, तो फक्त जिथे पाणी होतं तिथे होता. रविवारी दिवसभर लोक पावसात बसून राहिले आणि दुपारी उशिरा रेस रद्द झाली. पावसात बसलेल्या लोकांचा संताप मला समजतो, तिकीट काढून सात-आठ तास भिजायचं आणि एकही लॅप बघायला मिळायचा नाही. पण रद्द करणं बरोबरच होतं.

म्हणजे ऑगस्टमध्ये अक्कल आली आणि नोव्हेंबरमध्ये परत तेच? तसं सरसकट नाही, वॅलेन्सियाचा ट्रॅक सिल्व्हरस्टोनइतका वाईट नव्हता आणि रेड फ्लॅग दाखवला गेला, ही गोष्ट मान्य करायलाच पाहिजे. माझी तक्रार त्या फ्लॅगच्या आधीच्या लॅप्सबद्दल आहे. लोक पडत होते, पाऊस वाढताना टीव्हीवर आपल्याला दिसत होता, आणि तरी आणखी एक लॅप, आणखी एक लॅप. किती पडले म्हणजे पुरे, याचं उत्तर आधीपासून कोणाकडे लिहून ठेवलेलं नव्हतं, आणि ते नसलं की माणूस काय करतो? वाट बघतो. रायडर हात वर करतायत का बघतो.

आता या हात वर करण्याबद्दल बोलूया, कारण मला सगळ्यात जास्त तेच खटकतं. पावसात रायडर एक हात वर करून इशारा करतो, बस झालं, थांबवा, हे आपण कित्येकदा बघितलंय आणि कॉमेंटेटर लगेच म्हणतात बघा, रायडरच सांगतोय. आपल्याकडे हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते इतकं तंतोतंत दुसरीकडे कुठे लागू पडत नसेल. एक तर ओल्या ट्रॅकवर एक हात सोडायचा, तो सोडायचा कुठे तर जिथे दोन हात कमी पडतायत तिथे. आणि दुसरं म्हणजे हात वर करणारा कोण आहे ते बघा ना. जो पुढे आहे त्याला रेस आत्ता थांबली तर हवीच आहे, निकाल त्याच्या बाजूने गोठतो. जो मागून भराभर जवळ येतोय त्याला अजून पाच लॅप्स हवेत, तो मरून जाईल पण हात वर करणार नाही. 2012 ला सेपांगला असंच धुवाधार झालं, 20 लॅप्सची रेस थांबवली, 13 लॅप्सचा निकाल धरला, परत सुरूच झाली नाही. पेड्रोसा पुढे होता, त्याला पूर्ण पॉइंट्स मिळाले आणि चॅम्पियनशिपमध्ये पुढे असलेल्या लोरेन्झोशी असलेलं अंतर 23 वर आलं. मी असं अजिबात म्हणत नाही की त्यात कोणी लबाडी केली, पाऊस खरंच भयंकर होता. पण अशा वेळी ट्रॅकवरच्या कुठल्याही रायडरचा इशारा हा साक्षीदाराचा इशारा नसतो, तो खटल्यातल्या पक्षकाराचा असतो. त्याच्यावर निकाल द्यायचा?

मग लोक म्हणतात, अरे ज्याला भीती वाटते त्याने पिटमध्ये यावं, कोणी बळजबरी केली आहे का. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय. त्याला उत्तर द्यायला मला चार चाकांवर जावं लागतं, माफ करा. 24 ऑक्टोबर 1976, फुजी, फॉर्म्युला वनची सीझनची शेवटची रेस, तुफान पाऊस. निकी लाउडा पॉइंट्समध्ये पुढे, ऑगस्टमध्ये नुर्बर्गरिंगला जळून मरता मरता वाचलेला. दोन लॅप्स चालवले, पिटमध्ये आला आणि गाडीतून उतरला. जेम्स हंट तिसरा आला आणि 69 विरुद्ध 68, एका पॉइंटने चॅम्पियन झाला. लाउडाचं सगळ्यांनी कौतुक केलं, आजही करतात, पण चषक हंटच्या घरी गेला. रेस चालू ठेवली की शहाणपणाची किंमत शहाण्यालाच भरावी लागते, बाकीच्यांना बक्षीस मिळतं. मग 22 वर्षांच्या पोराने, ज्याचं पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट अजून पक्कं नाही, ज्याचा टीम मॅनेजर पिट वॉलवर छत्री धरून बसलाय, त्याने आपणहून पिटमध्ये यावं अशी अपेक्षा करणारे आपण कोण?

सीझनची शेवटची रेस असली की हे सगळं दुप्पट होतं. ज्याची टीममधली सीट गेली आहे त्याला शेवटचा एक चांगला निकाल हवा. ज्याला नवीन टीम मिळाली आहे त्याला जुन्या टीमला दाखवून द्यायचंय. 2018 ला पेड्रोसाची ती निरोपाची रेस होती, त्याच आठवड्यात त्याला मोटोजीपी लेजंड म्हणून मानाच्या यादीत घेतलं गेलं, आयुष्यभर हाडं मोडून घेतलेला तो छोटासा माणूस, आणि शेवटचा दिवस असा पाण्यात. तो पाचवा आला, धडधाकट परत आला, पण मी ते 14 लॅप्स धड बघू शकलो नाही, दर वळणाला पोटात गोळा. असा माणूस निरोपाच्या रेसला स्वतःहून पिटमध्ये येईल का? अर्थातच नाही. म्हणून तर ते त्याच्यावर सोडायचं नाही.

मग सोडायचं कोणावर? आत्ता रेस डायरेक्शन ठरवतं. 2018 ला त्यात रेस डायरेक्टर माइक वेब, एफआयएम या जागतिक मोटरसायकल संघटनेकडून फ्रँको उन्चिनी आणि डोर्नाकडून लोरिस कापिरोसी. उन्चिनी आणि कापिरोसी दोघंही जुने वर्ल्ड चॅम्पियन, पाण्यातली भीती काय असते हे त्यांना मी सांगायची गरज नाही, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण डोर्ना म्हणजे टीव्हीचे हक्क विकणारी कंपनी, आणि तिचा माणूस थांबायचं की नाही ठरवणाऱ्या टेबलावर बसतो, ही रचनाच मला पटत नाही, माणूस कितीही सज्जन असला तरी. टीव्हीच्या सॅटेलाइटचा टाइम ठरलेला, सगळ्या देशांतली चॅनल्स थांबलेली, स्टँड भरलेले, त्या वेळी डोकं आपोआप 'अजून पाच मिनिटं बघू' म्हणायला लागतं. ते कोणाच्याही बाबतीत होईल, माझ्याही होईल. त्यासाठीच नियम आधी लिहून ठेवायचे असतात, कोरड्या दिवशी, शांत डोक्याने.

रायडर लोकांची सेफ्टी कमिशन आहेच, 2003 ला सुझुकाच्या अपघातात दाइजिरो कातो या रायडरचा जीव गेला त्यानंतर सुरू झालेली, शुक्रवारी संध्याकाळी बसतात. तिथेच ठरवून टाका. या ट्रॅकवर पाणी साचायच्या वाईट जागा या चार, तिथे पाण्याची पातळी इतकी झाली की रेड फ्लॅग, कोणाला विचारायचं नाही. एकाच वळणावर एकाच कारणाने अमुक इतके जण पडले की रेड फ्लॅग. शुक्रवारी कोणालाच माहीत नसतं रविवारी पुढे कोण असणार, त्यामुळे शुक्रवारचं मत स्वच्छ असतं. रविवारी दुपारी दोन वाजता तेच मत विचारलं तर त्यात पॉइंट्स मिसळलेले असतात.

यावर मला नेहमी सांगितलं जातं की पाणी असं मोजता येत नाही, दर वळणावर वेगळं, दर मिनिटाला वेगळं, वाऱ्याने सुद्धा फरक पडतो. बरोबर आहे, येत नाही तंतोतंत. पण रस्त्यावरच्या रेसवाल्यांनी, म्हणजे खऱ्या रस्त्यावर, भिंती आणि खांबांच्या मधून रेस करणाऱ्यांनी, ज्यांना जग वेडे म्हणतं त्यांनी, हा प्रश्न केव्हाच सोडवलाय. आइल ऑफ मॅन टीटी, 60 किलोमीटरचा एक लॅप, डोंगरावर एक हवा आणि खाली वेगळी. तिथे रस्ता ओला असला की वाट बघतात, दिवस पुढे ढकलतात. 2012 ला सीनियर टीटी, म्हणजे आठवड्याचा मुकुटमणी, शेवटची रेस, शुक्रवारची शनिवारवर नेली आणि तरी रस्ता सगळीकडे सुकला नाही म्हणून रद्दच केली, 1907 पासूनच्या इतिहासात हवामानामुळे पहिल्यांदा. मकाऊला नोव्हेंबरमध्ये गिया सर्किटवर बाईकची रेस असते, 6.12 किलोमीटर, दोन्ही बाजूंना लोखंडी पत्रे, पडायला जागाच नाही, वर्ष संपवायला सगळे तिथे जातात. 2024 ला पावसामुळे ती रेस झालीच नाही. ज्यांच्याकडे ग्रॅव्हल नाही, हवा भरलेल्या कुंपणाची, एअरफेन्सची चैन नाही, ते लोक गपचूप घरी जातात, आणि जिथे सगळी सोय आहे तिथे मात्र बघू, अजून एक लॅप. सोय जास्त असली की माणूस जास्त धोका घेतो, हे खरंच असावं. एअरबॅगचा सूट 2018 लाच मोटोजीपीत सक्तीचा झाला, फार चांगली गोष्ट झाली, पण तो खांद्यावर आपटल्यावर उपयोगी पडतो, मागून येणाऱ्या बाईकपासून तो काय वाचवणार.

हं, नियम लिहिला की त्यातून पळवाटा काढणारेही येतात, हेही मला मान्य आहे. 2021 ला स्पाला फॉर्म्युला वनने वेग आवरून धरणाऱ्या सेफ्टी कारच्या मागे गाड्या फिरवल्या, खरी रेस एक सेकंद नाही, आणि अर्धे पॉइंट्स वाटून घोडं एकदाचं गंगेत न्हालं. तसं बाईकला करताच येत नाही हे आपलं नशीब, हळू चालवलं की टायर थंड पडतो आणि थंड टायरवर ओल्यात माणूस वॉर्म-अप लॅपलाच आडवा होतो. वॅलेन्सियात तर नऊ डावी वळणं आणि पाचच उजवी, टायरची उजवी बाजू कोरड्या दिवशीही थंड राहते, नोव्हेंबरच्या पावसात विचारूच नका.

आणि शेवटचा आक्षेप, जो सगळ्यात व्यवहारी वाटतो. रविवारी नाही तर कधी? ट्रक निघतात, विमानं ठरलेली असतात, पुढच्या आठवड्यात दुसरा देश. मधल्या सीझनमध्ये याला थोडा अर्थ आहे, जरी सिल्व्हरस्टोनला दुसऱ्या दिवशी सोमवारी इंग्लंडात सरकारी सुट्टी होती आणि तरीही रेस सोमवारवर गेली नाही. पण शेवटच्या रेसनंतर पुढचा आठवडा कुठला? पुढचा देश कुठला? 2018 ला वॅलेन्सियाच्या रेसनंतर मंगळवारी आणि बुधवारी, 20 आणि 21 नोव्हेंबरला, त्याच सर्किटवर पुढच्या वर्षाची टेस्ट होती. त्याच बाईक, तेच मेकॅनिक, तेच रायडर, बहुतेक सगळे तिथेच राहणार होते, लोरेन्झो रविवारी डुकाटीवर होता आणि मंगळवारी होंडावर बसला. सोमवार मधे रिकामा पडलेला. आणि टेस्टला काय होतं ते बघा कधीतरी, ट्रॅक ओला असला तर पॉइंट्स नसतात, टीव्हीची वेळ नसते, कोणी कोणाला काही बोलत नाही, रविवारी पाण्यात झेपावलेले तेच वाघ पिटमध्ये खुर्च्या टाकून कॉफी पीत ट्रॅक सुकायची वाट बघत बसलेले असतात.